शेवटचा हिरवा मणी

आमचे हे सत्याग्रहात पकडले जाऊन तुरुंगात बसले, ते महिने माझ्या लग्नानंतरचे सगळ्यात निवांत महिने होते. हे मी चारचौघींत बोलले तर वाडीतल्या बायका माझ्या तोंडात शेण घालतील. सगळ्यांना वाटायचं, उर्मिला बिचारी नवऱ्याच्या काळजीनं खंगली असेल. मी उलट अंगानं भरले होते. दिवा मालवून पाठ टेकली की सकाळी दूधवाल्याच्या हाकेलाच जाग यायची. झोपेचं सोंग आणायचं नाही, मुलींना मुद्दाम मधे निजवायचं नाही, अंधारात चाचपून माळेचे मणी मोजायचे नाहीत. सरकारनं यांना आत टाकलं आणि मला सोडवलं, असं मनात यायचं. मग मी देवापुढं उभी राहून स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घ्यायचे.

यांचं नाव हेमचंद्र. उखाण्याशिवाय मी ते कधी घेतलं नाही, इथं एकदा घेतलं तर पुरे. फोर्टात एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून. विडी नाही, दारू नाही, हात उगारणं तर दूरच. गिरगावात कुणाच्या घरी मयत झालं की तिरडी बांधायला पहिले हेच धावणार. संयुक्त महाराष्ट्राची सभा असली की चपला घालायचं भान राहत नसे. नाक्यावर टेबल टाकून त्यावर उभे राहायचे आणि असे बोलायचे की समोरचा पानवाला चुना लावायचा थांबायचा. आणि हाच माणूस घरात शिरला की आईपुढं मांजर. वाईट माणूस असता तर भांडायला तरी सोपं गेलं असतं.

माझं दुखणं बाळंतपणाचं. दोन्ही मुली, मोठी सुमती आणि धाकटी लीला, पोट फाडून झाल्या. तिसऱ्या वेळी कळा लागल्या आणि पिशवीचा जुना टाका आतल्या आत उसवला. मुलगा होता. तो गेला, आणि मी कशी राहिले ते परळच्या त्या डॉक्टरीणबाईंनाच ठाऊक. त्यांनी पोट उघडं असतानाच नळ्या बांधून टाकायचं म्हटलं होतं, म्हणजे जन्माचा प्रश्न मिटला असता. पण नवऱ्याच्या सहीशिवाय ते करायची सोय नव्हती आणि नवरा त्या दिवशी मोर्चात होता. बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर त्यांनी सांगितलं की घरात अजून मुलगा नाही, माझ्याच्यानं हो म्हणवणार नाही. मग पोट शिवून टाकलं.

मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाई खाटेवर माझ्याजवळ बसल्या आणि आडपडदा न ठेवता बोलल्या. "बाई, पुन्हा दिवस राहिले तर मी तुम्हाला वाचवू शकेन असं मला वाटत नाही. हे घरी सगळ्यांना सांगा." मी सांगितलं. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई म्हणाल्या की डॉक्टर लोक घाबरवतातच, त्यांचा तो धंदाच आहे.

तेव्हापासून माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीत. आमच्याच मजल्यावर शाळेत शिकवणारी मीनाक्षी राहते, तिनं मला दादरच्या संततिनियमन केंद्रात नेलं. तिथं आधी नवरा जवळ यायच्या आत अंगात ठेवायच्या फेसाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आत अशी आग व्हायची की मोरीत जाऊन बसावं लागे. त्यात आपली ही मुंबईची दमट हवा. डबी दोनदा उघडली की गोळ्या मऊ पडायच्या आणि मग फेस तर नाहीच, नुसता चुना. एकदा ती डबी सासूबाईंच्या हाती लागली. त्यांना वाटलं, पोटाच्या वायूवर काहीतरी आहे, आणि त्या एक गोळी पाण्यात घालून पिणार होत्या. मी डबी हिसकावली तेव्हा घरात जो तमाशा झाला तो सांगण्यासारखा नाही. गोळ्या बंद झाल्या.

मग केंद्रातल्या बाईंनी माळ दिली. हिरव्या आणि लाल मण्यांची, दोऱ्यात सैल ओवलेली. पाळी आली की पहिला मणी सरकवायचा, मग रोज सकाळी एकेक. हिरवा मणी असेल तेव्हा भीती नाही, लाल असेल तेव्हा नवऱ्यापासून लांब राहायचं. महिना संपला की पुन्हा पहिल्यापासून. मला ही गोष्ट फार आवडली. आग नाही, डबी नाही, कुणाला कळायचं काम नाही. शिवाय माझी पाळी घड्याळासारखी, त्यामुळं बाई म्हणाल्या, तुम्हाला हे छान जमेल. ती माळ मी कपाटात धुतलेल्या लुगड्यांच्या घडीत ठेवली.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबलं. आमच्याकडं, जुन्या प्रभू घराण्यांत असतं तसं, पाळीचे चार दिवस बाजूला बसायचं. गॅलरीकडच्या खोलीच्या कोपऱ्यात घोंगडी, वेगळी ताटवाटी, पाणी वरून ओतलेलं. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, गादीला हात लावायचा नाही, कपाटाला तर नाहीच, कारण त्यात सासूबाईंची सोवळ्याची रेशमी वस्त्रं. हे अस्पृश्यतेवर नाक्यावर टेबलावरून बोलायचे आणि वर येऊन माझ्या घोंगडीला वळसा घालून जायचे. एकदा मी डिवचलं तेव्हा म्हणाले, आई आहे तोवर चालू दे, तिला कशाला दुखवायचं. मीही फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर चार दिवस चुलीपासून सुटका मिळायची.

तर ते चार दिवस संपले, डोक्यावरून न्हाऊन मी घरात आले, की कपाट उघडायची आणि पहिला मणी सरकवायची. मला यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. आमच्या घरात बाईचा महिना न्हाण्यापासूनच मोजतात. न्हाले त्याला आठवडा झाला, न्हायला अजून वेळ आहे, अशीच बोली. बाजूला बसलेले दिवस कुणाच्या मोजणीत नसतात, ते बाईच्या नावावर पडलेले खाडे. केंद्रातल्या बाई म्हणाल्या होत्या पाळी आली की पहिला मणी. मी म्हटलं, माझ्या हातात माळ येईल तेव्हाच ना पहिला मणी.

माळेवर दीड वर्ष गेलं. दिवस राहिले नाहीत, तेव्हा माझा माळेवर देवासारखा विश्वास बसला. यांचा अर्धा महिना सभांत आणि पत्रकं वाटण्यात जायचा, दमून येऊन पडायचे, हे त्यातलं खरं कारण असेल. पण ते श्रेय मी माळेला दिलं.

तरी मनाला धाकधूक होतीच. ही रोजची मोजदाद नको, काहीतरी कायमचं हवं, असं मी यांच्या मागं लागले होते. ते कधी नाही म्हणाले नाहीत. पुढल्या महिन्यात बघू, दिवाळी होऊ दे, आईच्या पायाचं जरा बरं होऊ दे. अशात सीमेवरच्या सत्याग्रहाला मुंबईतून तुकड्या निघाल्या आणि यांनी नाव दिलं. मला सांगितलं ते नाव दिल्यावर. मी म्हटलं, जा, मी आडवी येत नाही, पण जाण्याआधी इस्पितळात येऊन सही करा. ते म्हणाले, तुकडी तर उद्या-परवा निघतेय, तू दहा दिवस खाटेवर पडणार, मुलींकडं कोण बघेल, आलो की लगेच करू. देवावर हात ठेवून सांगितलं. निघताना वाडीतल्या बायकांनी ओवाळलं, मीही ओवाळलं, आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावताना मला त्यांचा अभिमानच वाटला. खोटं कशाला बोलू.

ते परत आले तेव्हा नाक्यापासून ढोलताशे लावून आणले त्यांना. गळ्यात हार, गाल आत गेलेले, दाढीत पांढरे केस दिसत होते. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पापलेटचं भुजणं केलं होतं. ते जेवताना एकदम थांबले आणि म्हणाले, तिकडं रोज जेवायला बसलो की याचा वास आठवायचा. माझा जीव विरघळला. पाठीवर लाठीचे वळ होते, काळे पडून तसेच राहिलेले. मी तेल कोमट करून चोळत बसले आणि मला रडू आलं. हे म्हणाले, अगं, सोमवारी जाऊ परळला, सही करतो, तुला शब्द दिलाय ना.

त्या रात्री त्यांनी माझा हात धरला तेव्हा मी कपाटापाशी गेले आणि माळ उजेडात धरून पाहिली. हे तुरुंगात असतानाही सकाळी मणी सरकवायची सवय मी मोडली नव्हती. हिरवा मणी होता. हिरव्यांतला शेवटचा, त्याच्यापुढं लाल सुरू होत होते. उद्या असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण आज हिरवा होता आणि मलाही ते हवे होते. कुणी जुलूम केला नाही माझ्यावर. इतक्या दिवसांनी मी मनात काही न मोजता त्यांच्या कुशीत शिरले होते.

सोमवारी खरंच परळला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाळी कधी आली विचारलं, तेव्हा मी न्हाण्याची तारीख सांगितली. मधे नवरा जवळ आला होता का, म्हणाल्या. हो, पण हिरव्या मण्यावर, असं सांगून मी पिशवीतून माळ काढून दाखवली. त्यांनी पाहिली, मान डोलावली. यांनी खिशातलं फाउंटन पेन काढून झोकात सही केली आणि वर म्हणाले, "देशात बायकांना मोकळा श्वास मिळायला हवा, डॉक्टर." माझ्या पोटावरची तीनदा शिवलेली खूण चौथ्यांदा उघडली गेली आणि नळ्या बांधल्या.

ते इस्पितळातले दिवस माझे फार सुखाचे गेले. पोट दुखायचं, खोकला आला की जीव जायचा, पण मनावरचं ओझं उतरलं होतं. गिरणीचा भोंगा वाजला की खिडकीतून कामगारांचा लोंढा दिसायचा आणि मला वाटायचं, आता आपण म्हातारे होणार. मुलींची लग्नं बघणार, केस पिकणार, दात पडणार. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी सांगितलं की मला म्हातारं व्हायचा इतका आनंद होतोय, तर ती माझ्याकडं वेड्यासारखी बघायला लागली. घरी आल्यावर मी ती माळ लीलाला देऊन टाकली. तिनं ती बाहुलीच्या गळ्यात घातली आणि बाहुलीला दागिने झाले म्हणून वाडीभर मिरवून आली.

पुढं पाळी आली नाही. ऑपरेशननं पुढं-मागं होतं म्हणून मी स्वस्थ होते. मग एक दिवस फोडणीचा वास आला आणि मी मोरीत धावले. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि बराच वेळ बघतच राहिल्या. मला तो वास माहीत होता, ती मळमळ माहीत होती, आणि तरी मी स्वतःला सांगत राहिले की काल शिळं खाल्लं.

परळला डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हात धुवायला गेल्या त्या लवकर परत आल्याच नाहीत. आल्यावर पुन्हा विचारलं, पाळी नक्की कधी आली होती. मी तीच तारीख सांगितली. त्या दिवशी पाळी सुरू झाली का, म्हणाल्या. मी म्हटलं, छे, त्या दिवशी न्हाले. मग त्यांनी विचारलं की माळ कुठं ठेवता, पाळी आली की लगेच काढता का. मी म्हटलं, त्या दिवसांत कपाटाला शिवायचं नसतं ना. त्या खुर्चीत मागं टेकल्या.

"चार दिवसांचा फरक," त्या म्हणाल्या. "तुमच्या माळेवरचे शेवटचे हिरवे मणी लालच होते, बाई. मी नळ्या बांधल्या तेव्हा मूल आत येऊन बसलेलं होतं." मग म्हणाल्या, "माझी आईसुद्धा बसायची बाजूला. मला विचारायचं सुचायला हवं होतं."

मला त्यांचा राग आला नाही. माळेचा आला, कपाटाचा आला, त्या घोंगडीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा. दीड वर्ष मी वाघाच्या जबड्यात डोकं घालून झोपत होते आणि वाघ पेंगतोय याला मी माळेचा गुण समजत होते. ट्राममध्ये मी रडले नाही. घराचा जिना चढताना मधल्या पायरीवर बसले आणि तिथं रडले.

घरी झालं ते भलतंच. मला वाटलं होतं, सासूबाई संशय घेतील, ऑपरेशन करून पोटुशी कशी म्हणून तोंड सोडतील. त्यांनी देवापुढं साखर ठेवली. त्यांचं म्हणणं, डॉक्टरांनी दार लावून घेतलं तरी देवानं मूल आत सोडलंच, म्हणजे ते साधंसुधं मूल नाही. मी त्यांना मणी समजावून सांगितले, चार दिवस समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, तेच तर, ते चार दिवस देवाचेच. आता यावर बोलणार काय, कप्पाळ. वाडीतून बायका बघायला यायला लागल्या. कुणी नारळ आणला, कुणी माझ्या पोटावर हात ठेवून डोळ्यांना लावला. सत्याग्रह्याचं पोर आहे, ते हटायचं नाही, अशी कुणीतरी थट्टा केली आणि ती वाडीभर झाली. हेही हसले. ती थट्टा यांनी स्वतः नाक्यावर दोन-तीनदा सांगितल्याचं मीनाक्षीनं मला सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या की आईच्या जिवाला धोका असेल तर कायद्यात वाट आहे. त्या लिहून देतील, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतील, मोकळं करतील. त्यातही भीती आहे, हे त्यांनी लपवलं नाही. पण दिवस जाऊ देण्यात फार मोठी भीती आहे, आणि हे आत्ताच करायला हवं, महिनाभरानं त्यांनाही हात लावता येणार नाही. फक्त नवऱ्याची सही हवी. हे मांडीवरची टोपी फिरवत होते. पेन त्यांच्या खिशाला होतं. ते म्हणाले, विचार करून सांगतो.

मी आठवडाभर त्यांच्या मागं लागले. सकाळी चहा देताना, पंचा देताना, मुली शाळेत गेल्यावर. मी ओरडले नाही, कारण ओरडलं की सासूबाई मधे येतात आणि मग विषयच बदलतो. एक दिवस ते कचेरीत जायला निघाले होते तेव्हा मी दारात उभी राहिले.

"अहो, मला मरायचं नाही," मी म्हटलं. "सही करा."

"असं अभद्र बोलू नये." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "मागच्या वेळीही त्या म्हणाल्याच होत्या. वाचलीस ना? आणि मोकळं करण्यात पण धोका आहेच म्हणतात."

"त्यात कमी आहे."

"कमी-जास्त त्यांना तरी काय ठाऊक." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आईला मी काय सांगू, उर्मिला? तिनं देवापुढं साखर ठेवलीय."

लाठीखाली ज्यानं पाठ दिली त्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य. मी दारातून बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी मी एकटीच परळला गेले आणि डॉक्टरीणबाईंच्या पाया पडले, म्हटलं, सहीशिवाय करा, मी कुणाला सांगणार नाही. त्यांनी मला उठवून पाणी दिलं. म्हणाल्या, करता आलं असतं तर तुम्हाला विचारावं लागलं नसतं. लालबागेत एक बाई आहे, ती काढा देते आणि काडी घालते, असं मी ऐकलं होतं. मी तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेही. तिथं एका घरात तिच्या हातून गेलेल्या पोरीची गोष्ट ऐकली आणि परत फिरले. इकडं आड, तिकडं विहीर. आडात मला लोटलं जात होतं, विहिरीत मी स्वतः उडी मारायची होती, एवढाच काय तो फरक. महिना सरला. सही राहिली ती राहिलीच, कुणी नाही म्हटलं नाही आणि कुणी केलीही नाही.

आता मला पाचवा सरतोय. पोटावरची जुनी खूण ताणून लाल झाली आहे आणि मधे एका जागी अशी चमक निघते की हातातलं भांडं खाली पडतं. डॉक्टरीणबाईंनी सातव्यापासून इस्पितळात येऊन राहायला सांगितलंय. कळा लागायच्या आत पोट उघडू, प्रयत्न करू, असं त्या म्हणतात. प्रयत्न हा शब्द त्या फार जपून उच्चारतात. सासूबाई माझं सगळं करतात. सकाळी तूप-भात, दुपारी डिंकाचा लाडू, वाकू देत नाहीत, पाणी भरू देत नाहीत. यांनी मुलाचं नाव ठरवलंय, ते मी विचारलं नाही.

परवा रविवारी दुपारी माझे पाय सुजले होते. सासूबाई तेलाची वाटी घेऊन माझ्याजवळ बसल्या आणि माझा पाय उचलून त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. मी संकोचून पाय ओढला, पण त्यांनी सोडला नाही. हे समोर आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मुली गॅलरीत बाहुलीला निजवत होत्या. सासूबाईंचा हात फार मऊ आहे, आणि त्या इतक्या मायेनं चोळत होत्या की मला माझी आई आठवली. मला वाटलं, आज सांगावं सासूबाईंना, की आई, मला फार भीती वाटते हो. तोंड उघडणार तेवढ्यात त्याच बोलल्या.

"घाबरू नकोस गो. काही वाईट-वाकडं झालंच तर पोराला मी वाढवीन. पोरींचंही मी बघेन. हातपाय चालतायत अजून माझे."

मी यांच्याकडं पाहिलं. पेपर जिथं होता तिथंच होता. पान उलटलं नाही, पेपर खाली आला नाही. असं अभद्र बोलू नये, हे मला सांगणारा माणूस आईला ते म्हणाला नाही. इतके महिने मी समजत होते की या घरात कुणाला कळतच नाही, आणि कळलं की हे लोक धावतील. त्यांना कळलेलं होतं. दोघं माझ्या माघारी बसून बोललेही असतील, पोरींचं कसं, पोराचं कसं, आणि सगळं जुळतंय असं बघून उठले असतील. मी सोडून सगळं जुळत होतं. सासूबाईंच्या मनात पाप नव्हतं, हे मला दिसत होतं. त्या मला धीर देत होत्या. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं आणि ओरडायला समोर कुणी वैरीच नव्हता.

गॅलरीतून लीलाच्या हसण्याचा आवाज आला.

"लीलाला दुधावरची साय चालत नाही," मी म्हटलं. "ओकते. गाळून द्यावं लागतं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझा दुसरा पाय मांडीवर घेतला.